नऊ डाग

मी माझ्या मुलीला मारलं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. रविवार होता, सकाळचे साडेदहा वाजले असतील. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. पोहे खाऊन झाले होते आणि मी तिला टेबलाशी बसवून 'अ' गिरवायला लावलं होतं. शाळेतून निरोप आला होता की बाकीची मुलं पानं भरतात, ही पेन्सिलसुद्धा नीट धरत नाही.

तासभर मी तिचा हात धरून गिरवून घेतलं. हात सोडला की 'अ'चा काना भलतीकडे जायचा, पोट उलटं व्हायचं. मी खोडायची, ती पुन्हा तसंच काढायची. शेवटी कागद फाटला. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. ती मला चिडवत नव्हती, ती घाबरून हसली होती, हे आता कळतं. तेव्हा मी हात पूर्ण मागे नेऊन तिच्या थोबाडीत मारली. ती खुर्चीसकट आडवी झाली आणि पडता पडता टेबलाची कड तिच्या ओठावर बसली.

 तिच्या तोंडातून रक्त आलं, हनुवटीवरून फ्रॉकवर. मी टॉवेल दाबून धरला आणि तिला उचलून खाली धावले. रिक्षावाल्याने विचारलं, "क्या हुआ, दीदी?" मी म्हणाले, "गिर गई."

मुलांची डॉक्टर दोन रस्ते सोडून होती. दोनेक वर्षांपूर्वी ती साताऱ्याकडून नवऱ्याच्या बदलीनंतर इंदूरला आली होती. तिचं मराठी अगदी स्वच्छ, आमच्यासारखं हिंदीत कालवलेलं नाही. तिने ओठाला दोन टाके घातले. मुलगी किंचाळत होती, मी तिचे पाय धरून होते. टाके झाल्यावर डॉक्टरने हातमोजे काढले आणि विचारलं, "कशी पडली?"

"खुर्चीवरून."

तिने मुलीचा गाल उजेडाकडे वळवला. माझी चार बोटं तिथे उठलेली होती. ती नर्सला म्हणाली, "फ्रॉक काढा हिचा." ती काय शोधते आहे हे मला लगेच समजलं. पाठ, दंड, मांड्या, सगळं ती बघत गेली. कमरेशी थांबली. तिथल्या एका डागावर अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग बगलेत बघितलं. मग टेबलाच्या खणातून प्लॅस्टिकची पट्टी काढली आणि एकेक डाग मोजायला लागली.

"हे वळ नाहीत," ती म्हणाली. "हे कधीपासून आहेत?"

"जन्मापासून. आमच्याकडे सगळ्यांना आहेत."

"नऊ आहेत. बगलेत बारीक ठिपके आहेत, ते तुम्ही पाहिलेत?"

मी पाहिले होते. मला वाटायचं, मळ आहे. घासून काढायचा प्रयत्नही केला होता.

डॉक्टर खुर्चीत बसली. "आधी एक गोष्ट. थोबाडीत कोणी मारलं?"

"मी."

"याआधी?"

"नाही."

"मी हे लिहून ठेवते आहे. पुन्हा असं काही दिसलं तर मी पुढे कळवणार, तुम्ही ओळखीच्या असलात तरी." तिने खरंच लिहिलं, माझ्यासमोर. मग कागद बाजूला ठेवून तिने विचारलं, "सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला आहेत डाग?"

"मला. माझ्या भावाला. बाबांना."

"तुमचा भाऊ शाळेत कसा होता?"

मी मुलीचा फ्रॉक उचलून तिच्या अंगात घालायला लागले. 

माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आम्ही राजवाड्याच्या मागे एका गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा रस्त्यांच्या सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांनी ओढलेली रेघ पाहायला साहेब लोक त्यांच्या टेबलाशी येत, असं आई सांगायची. घरातही त्यांचा ड्रॉइंग बोर्ड होता आणि सागवानी लाकडाचा लांब टी-स्क्वेअर, नकाशाच्या आडव्या रेघा मारायचा. भावाला त्याचीच भीती.

भावाच्या पोटावर, पाठीवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग होते. पाठीवरचा एक तर तळहाताएवढा. आई म्हणायची, लासं आहे, जन्मखूण आहे, लासं असलेलं मूल भाग्याचं असतं. गल्लीतली पोरं त्याला 'चितकबरा' म्हणायची आणि शर्ट वर करून बघायची. दहा वर्षांचा झाला तरी त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. बेरजेचे आकडे एकाखाली एक न राहता उतरंडीसारखे घसरत जायचे. पाण्याचा तांब्या त्याच्या हातून सांडल्याशिवाय दिवस जात नसे.

बाबा ऑफिसातून आले की चहा घेत आणि म्हणत, "वही आण." आवाज चढलेला नसायचा. वही उघडली की पहिला टी-स्क्वेअर तळहातावर. तो हात मागे घेई, मग दुसरा मनगटावर. मग पाठीवर. तळहातावरचा आवाज कोरडा असतो आणि पाठीवरचा बोदा. मी आतल्या खोलीत पाठांतराच्या नावाखाली मोठमोठ्याने पाढे म्हणत बसायची, म्हणजे ते आवाज कमी ऐकू येत. "मंद आहे," बाबा म्हणत. "मुद्दाम करतो." दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर निळे वळ आणि तपकिरी डाग एकमेकांत मिसळलेले असत. आई तेल लावताना डाग कुठला आणि वळ कुठला हे तिलाही कळत नसे. ती दोन्हींवर सारखंच हळू बोट फिरवायची.

बाबांचं स्वतःचं अंग आम्ही कधी पाहिलं नाही. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मानेशी कॉलरच्या वर एका डागाची कड दिसायची, तेवढीच. डाव्या हातावर कोपराखाली पांढरी, आकसलेली भाजल्याची खूण होती. विचारलं तर म्हणत, बॅटरीचं पाणी सांडलं होतं.

मी तेरा वर्षांची असताना बाबांनी मला सांगितलं की आज तू त्याला भागाकार शिकव. मी शिकवायला बसले. अर्ध्या तासाने तो पहिल्याच पायरीवर होता. बाबा बाहेरच्या खोलीत बसलेले, आणि त्याला जमलं नाही तर मलाही बोलणी बसणार. मी कंपासमधल्या कर्कटकाचं टोक त्याच्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, रुतवलं. रक्ताचा थेंब आला. त्याने दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं. ओरडला असता तर बाबा आत आले असते. मग त्याने शर्टाला रक्त पुसलं आणि मला म्हणाला, "ताई, पुन्हा सांग ना."

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही.

दहावीचा निकाल लागला तेव्हा त्याचा नंबर पेपरात नव्हता. बाबांनी पेपर दोनदा वाचला, घडी घातली, चष्मा काढून वर ठेवला आणि टी-स्क्वेअर उचलला. त्या दिवशी ते थांबलेच नाहीत. बाहेरच्या खोलीतून चौकापर्यंत त्याला मारत नेलं. टी-स्क्वेअरची आडवी पट्टी निखळून पडली, मग उरलेल्या दांड्याने मारत राहिले. डोक्यावर, कानावर, कुठे लागतं ते बघत नव्हते. आई मध्ये पडली. दांडा तिच्या हातावर बसला आणि करंगळी काडीसारखी मोडली. ती अजून वाकडीच आहे. आई "आई गं" म्हणून खाली बसली.

भावाने तिच्याकडे पाहिलं आणि दांडा बाबांच्या हातातून हिसकावून घेतला. सोळा वर्षांचा होता, बाबांपेक्षा उंच झाला होता, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्याने तोंडावर मारलं. भुवई फाटली. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा समोरचे दोन दात गेले. बाबा फरशीवर बसले, रक्त त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होतं. भाऊ दांडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "अजून?"

 तो दांडा टाकून अनवाणी निघून गेला. मी दारात उभी होते. तो माझ्या बाजूने गेला, मी बाजूला सरकून वाट दिली. तेवढंच मी केलं.

बाबांनी शेजाऱ्यांना सांगितलं की मोरीत पाय घसरला. भाऊ खजराण्याला गणपतीच्या मंदिराबाहेरच्या एका हारवाल्याकडे कामाला राहिला, आणि पुढे तिथेच त्याचं स्वतःचं दुकान झालं. दुर्वा, जास्वंद, लाडवाच्या पुड्या. आई दर बुधवारी गणपतीला जायची. ती कुणाला भेटायला जाते हे बाबांना माहीत होतं. त्यांनी तिला कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही.

यातलं थोडंसंच मी डॉक्टरला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग समजावून सांगितलं. असा एखाददुसरा डाग कितीतरी लोकांच्या अंगावर असतो, त्याला काही अर्थ नसतो. पण लहान मुलाच्या अंगावर सहा किंवा त्याहून जास्त असतील, पाच मिलिमीटरहून मोठे असतील, आणि बगलेत ठिपके असतील, तर ते बघावं लागतं. या आजाराला न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणतात. आई किंवा बापाकडून तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता अर्धीअर्धी. डाग स्वतः काही करत नाहीत, ते काढायचेही नसतात. पण ते सांगतात की नसांवर गाठी येऊ शकतात, डोळ्यांच्या मागे काही वाढू शकतं, रक्तदाब चढू शकतो. म्हणून दरवर्षी तपासत राहायचं.

"आणि यातल्या बऱ्याच मुलांना लिहायला, मोजायला, हात स्थिर ठेवायला जड जातं," ती म्हणाली. "बुद्धी कमी नसते. डोळ्यांनी बघितलेलं हाताकडे नीट पोचत नाही, असं समजा."

"म्हणजे तो मुद्दाम करत नव्हता?"

"कोण?"

"माझा भाऊ."

"नाही. आणि हीसुद्धा नाही."

मुलगी नर्सच्या मांडीवर झोपली होती. तिचा ओठ सुजून जांभळा झाला होता.

"पण बाबांची रेघ तर केसासारखी सरळ यायची," मी म्हणाले.

"एकाच घरात कुणाला नुसते डाग असतात, कुणाला सगळं असतं. कुणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही."

पुढच्या आठवड्यात मी मुलीचे डोळे तपासून घेतले. ते ठीक निघाले. माझेही तपासले, तर माझ्या बुबुळांच्या रंगीत भागात बारीक तपकिरी कण दिसले. माझ्या अंगावर सात डाग होते. म्हणजे तिला हे माझ्याकडूनच आलं होतं, आणि ते तिच्या हातात दिसलं म्हणून मी तिचा ओठ फोडला होता.

बुधवारी मी खजराण्याला गेले. गर्दी होती. भाऊ गिऱ्हाइकांशी बोलत होता, "लो भिया, ताजा हार है." मला बघून त्याने स्टूल पुढे केलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टरने सांगितलं त्याच क्रमाने. तो दुर्वांच्या जुड्या बांधत ऐकत होता. अजूनही त्याला गाठ मारायला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. ऐकून झाल्यावर तो दुकानाच्या मागे गेला, मला हाक मारली आणि शर्ट वर केला. उजव्या खांद्याच्या पात्याखाली लिंबाएवढी गाठ होती. बाकी छोट्या छोट्या मऊ गाठी पाठभर.

"ही केव्हापासून आहे?"

"बरेच दिवस. पण सहा महिन्यांपासून वाढतेय आणि दुखतेय. हातही सुन्न पडतो कभी कभी." त्याने शर्ट खाली घेतला. "मला वाटलं, जुन्या मारातलंच काही आत राहिलंय."

मी त्याला सर्जनकडे नेलं. सर्जनने गाठ बघितली, स्कॅन करायला लावला आणि म्हणाला, वाढणारी आणि दुखणारी गाठ आहे, काढून तपासावीच लागेल. क्वचित अशी गाठ वाईट निघते. घरात आणखी कुणाला आहे का, त्याने विचारलं. बाबांचं सांगितल्यावर म्हणाला, वडिलांनाही तपासायला आणा.

म्हणून मी बाबांकडे गेले. मुलीला बरोबर नेलं होतं. टाके निघाले होते, ओठावर गुलाबी रेघ राहिली होती. बाबा आता सत्तरीचे आहेत, अजूनही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. 

"म्हणजे माझ्यामुळे," शेवटी ते म्हणाले.

"डाग कुणामुळे नसतात, बाबा. त्यात कुणाचा दोष नाही."

"पण तू तेच म्हणते आहेस. माझ्यामुळे तो तसा झाला."

"डाग तुमच्यामुळे नाहीत. मार तुमच्यामुळे होता."

त्यांच्या हातात पाण्याने भरलेला पितळी पेला होता. त्यांनी तो माझ्यावर फेकला. तो माझ्या गळ्याखालच्या हाडावर लागला आणि टण्णकन फरशीवर पडला. मुलगी टेबलाखाली शिरली. कुणी शिकवलेलं नसताना ती पाय पोटाशी घेऊन, दोन्ही हात डोक्यावर धरून बसली, अगदी माझा भाऊ बसायचा तशी. बाबांनी तिला तसं बघितलं. ते उठून आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

आईने मला स्वयंपाकघरात नेलं, बर्फ लावला. मग तिने बाबांच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणेची गोष्ट सांगितली. लग्नाआधी बाबांना एक मुलगी सांगून आली होती. मुलीच्या मामाला बाबांच्या हातावरचा डाग दिसला आणि तो म्हणाला, हा महारोग आहे. स्थळ मोडलं. बाबांच्या वडिलांनी सराफ्यातल्या सोनाराकडून तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, आणवलं, बाबांना जमिनीवर पाडलं, हातावर गुडघा ठेवला आणि डागावर तेजाब ओतलं. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते. "जळून गेला तर बाकीचेही जाळू, म्हणाले होते," आई म्हणाली. "हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला तर म्हणाले, बोलू नकोस."

मी आईला म्हणाले, "म्हणून त्यांनी स्वतःच्या मुलाला मारायचं?"

"मी कुठे तसं म्हणते आहे," आई म्हणाली. तिने वाकड्या करंगळीच्या हाताने बर्फ दाबून धरला होता.

ऑपरेशनच्या सकाळी भाऊ हॉस्पिटलच्या पलंगावर हिरवा गाऊन घालून बसला होता. नऊच्या सुमाराला आई आली आणि तिच्या मागे बाबा. बावीस वर्षांनी बाबा आणि भाऊ एका खोलीत होते. भाऊ पलंगावरून उतरला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तो ते ठरवून करत नव्हता, त्याच्या पायांनी केलं.

सर्जन आला. बाबा त्याला म्हणाले, "मला तपासायचं होतं ना?" आणि तिथेच शर्टाची बटणं काढायला लागले. नर्स म्हणाली, अंकल, बाजूच्या खोलीत चला. त्यांनी ऐकलं नाही. शर्ट काढला, बनियन काढली. छाती, पोट, पाठ, कुठे जागा नव्हती. तपकिरी डाग आणि त्यांच्यामध्ये वाटाण्याएवढ्या, बोराएवढ्या गाठी. मी माझ्या बापाचं अंग एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघत होते. सर्जनने रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि त्यांना ताबडतोब बसवलं. इतका चढलेला होता.

बसल्या बसल्या बाबा भावाकडे न बघता म्हणाले, "माझी चूक झाली."

भाऊ भिंतीपाशीच होता. "चूक गणितात होते, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही मारत होता."

बाबांनी मान हलवली. नर्सने भावाला स्ट्रेचरवर घेतलं आणि आत नेलं.

गाठ साधी निघाली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला तेव्हा आई रिपोर्टचा कागद उलटा धरूनच रडत होती. नसेला धक्का लागल्यामुळे भावाच्या उजव्या हाताची पकड थोडी कमी झाली आहे, पण दुकान चालू आहे. हार ओवायला त्याने एक बाई ठेवली आहे. बाबांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे का तेही बघितलं, नव्हती.

त्यानंतर बाबा आणि भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. मी दिवाळीला भावाला विचारलं, घरी येतोस का. तो म्हणाला, "ताई, आईला इकडे घेऊन ये. मी लाडू ठेवतो." त्याच्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, कर्कटकाचा बारीक काळा ठिपका अजून आहे. मी त्याची त्याबद्दल माफी मागितली. त्याला तो प्रसंग आठवत नव्हता. म्हणाला, "इतके होते, कौनसा कौन जाने."

मुलीला आठवड्यातून दोनदा हाताच्या व्यायामाला नेते. मातीचे गोळे, चिमटे, जाड पेन्सिल. 'अ' अजून वाकडाच येतो, पण येतो. शाळेत मी डॉक्टरचं पत्र दिलं आहे. दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे. डॉक्टर दर वेळी तिचा फ्रॉक वर करून सगळं अंग बघते, डाग तर बघतेच, बाकीचंही बघते, आणि मी समोर उभी राहते.

मागच्या खेपेला डॉक्टरने तिला विचारलं, "आई रागावते का?"

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरकडे. "आता नाही," ती म्हणाली. डॉक्टरने तेही लिहून घेतलं.